‘शाळेत जात नसते, मॅडम!’

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, मी जिथे काम करते त्या तालुक्यात, एका केंद्रशाळेत शिक्षण परिषद भरली होती. ज्यांचा जिल्हा परिषदेच्या शाळेशी रोजचा संबंध उरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्यावर एक केंद्रप्रमुख असतो आणि महिन्यातून एकदा त्या केंद्रातले सगळे शिक्षक एकत्र बसतात. त्या बैठकीला शिक्षण परिषद म्हणतात. अडलेलं विचारावं, जमलेलं सांगावं, एकमेकांच्या अनुभवातून आपापली शाळा सुधारावी, असा तिचा हेतू.

आमच्या संस्थेतर्फे मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. दोन तास पडद्यावर तक्ते सरकत होते. कोणत्या शाळेची लिंक भरायची राहिली, कोणाचे फोटो आले नाहीत, कोणत्या शाळेत किती टक्के मुलं वाचनात ‘अपेक्षित स्तरावर’ आहेत. शेवटी आभार मानायच्या आधी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी एकच प्रश्न विचारला, “या तक्त्यात जी मुलं मागे दिसतात, ती कोण आहेत? गावातल्या कोणत्या भागात राहतात?”

सगळे गप्प झाले. मग केंद्रप्रमुख सर हसून म्हणाले, “शाळेत जात नसते, मॅडम! आमच्यासाठी सगळी लेकरं सारखी.”

टाळ्या पडल्या. मी खाली बसले.

त्या वाक्याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. सर वाईट माणूस नव्हते. उन्हातान्हात मोटारसायकलवर फिरून अकरा शाळा सांभाळणारा तो माणूस होता. पण ते वाक्य खरं होतं का? शाळेत प्रवेश घेताना दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो. यू-डायसच्या माहितीत प्रवर्गनिहाय संख्या भरावी लागते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जातीचा दाखला लागतो. म्हणजे शाळेत जात लिहायला चालते, मोजायला चालते, वर पाठवायला चालते. फक्त एखादं मूल का शिकत नाही, हे बोलायची वेळ आली की ती चालत नाही. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला बोर्द्यू शिकवला होता. घरातून आलेली भाषा, सवयी, धीटपणा यांनाच शाळा ‘हुशारी’ समजते आणि समाजातली विषमता न बोलता पुढच्या पिढीकडे सोपवते, असं त्याचं म्हणणं. मला ते परीक्षेपुरतं समजलं होतं. नीट कळलं ते त्या परिषदेत टाळ्या ऐकताना.

पण या लेखात मला शिक्षकांना शिव्या घालायच्या नाहीत. तो लेख मी पूर्वी लिहिला असता. आज मला वेगळं म्हणायचं आहे. ज्या परिषदेने माझा प्रश्न टाळ्यांत बुडवला, त्याच परिषदेवर माझा विश्वास बसला आहे. तो कसा बसला ते सांगते.

दोन गुरुजी आणि एक सायकल

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आमची शाळा दोन शिक्षकी होती. वर्ग झाडायचं काम पाळीपाळीने असायचं, पण पाळी बौद्धवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या मुलींवरच जास्त वेळा यायची. आमच्या गुरुजींनी मला कधी मारलं नाही, कधी हिणवलंही नाही. ते फक्त मला प्रश्न विचारायचे नाहीत. वर्गात हात वर करून करून माझा हात दुखायचा, मग मी तो वर करणं सोडलं.

आमच्या वेळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीत असायची. आमच्या गुरुजींची मराठी चांगली, गणित कच्चं. शेजारच्या गावातल्या गुरुजींचं गणित पक्कं. दोघांनी आपसांत ठरवून शनिवारी दोन्ही शाळांची परीक्षेला बसणारी मुलं एकत्र करायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं, परिपत्रक नव्हतं. आमच्या गुरुजींनी निवडलेल्या चार मुलांत मी नव्हते. एका शनिवारी ते दुसरे गुरुजी आमच्या गावात आले. चौथीच्या सगळ्या वर्गाला त्यांनी फळ्यावर एक गणित घातलं आणि पाट्या पाहत फिरले. माझ्या पाटीशी थांबले. आमच्या गुरुजींना म्हणाले, “ही कशी नाही तुमच्या यादीत?”

आमचे गुरुजी काय बोलले ते मला आठवत नाही. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शेजारच्या गावाला गेले.

पुष्कळ वर्षं मी ही गोष्ट ‘एक चांगला गुरुजी भेटला’ अशी सांगत असे. आता तशी सांगत नाही. आमचे गुरुजी एकटे असते तर त्यांच्या मनातली यादी कायमची तीच राहिली असती. एकट्या शिक्षकाचा पूर्वग्रह वर्गाच्या चार भिंतींत सुरक्षित असतो. तिथे त्याला ‘का?’ विचारणारं कुणी नसतं. मुलं विचारू शकत नाहीत आणि आमच्या आईबापांना विचारायची सोय नसते. दुसऱ्या शिक्षकाची नजर त्याच मुलावर पडली, की त्या यादीला पहिल्यांदा जाब विचारला जातो. शिक्षकांनी एकत्र येण्याचं महत्त्व माझ्यासाठी हे आहे.

तक्रारीने काय झालं, काय झालं नाही

संस्थेत लागले तेव्हा मी पंचविशीची होते आणि माझ्याकडे एकच हत्यार होतं, निवेदन. एका गावात खिचडी खाताना वस्तीतली मुलं वेगळ्या ओळीत बसवलेली पाहिली. फोटो काढले, निवेदन दिलं, वर पाठपुरावा केला. गुरुजींना नोटीस निघाली. ओळ मोडली. त्याबद्दल मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही. अस्पृश्यता पाळणं हा संविधानाच्या कलम १७ ने संपवलेला प्रकार आणि कायद्याने गुन्हा आहे. तिथे समजूत, संवाद, सहकार्य असलं काही चालत नाही. तिथे तक्रारच.

पण त्याच शाळेत चौथीतल्या वस्तीच्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नव्हता, हेही मी निवेदनात लिहिलं होतं. त्याचं काय झालं? काही नाही. गुरुजींची बदली झाली. नवे गुरुजी आले, त्यांनी पहिल्याच दिवशी मला फाटकाबाहेर उभं केलं. ती मुलं पाचवीत गेली, तशीच गेली. त्यांतला एक मुलगा पुढे कोयत्यावर गेला. त्याची आई मला म्हणाली होती, “ताई, मास्तर म्हणतेत पोरगं हुशार हाये. पण त्याला वाचता येईना. मग हुशार कशात हाये?” या प्रश्नाला माझ्या निवेदनात उत्तर नव्हतं. ओळ मोडायला हुकूम पुरतो. वाचायला शिकवायला हुकूम पुरत नाही. ते काम शेवटी शिक्षकालाच करावं लागतं आणि ते कसं करायचं हे पुष्कळदा त्यालाही माहीत नसतं. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात मतदारयादीचं काम, ऑनलाइन माहितीचं काम. तो कुणाला विचारणार?

फळ्यावरची नावं

पुन्हा त्या परिषदेकडे येते. टाळ्यांनंतर मी बाहेर पडले तेव्हा मोटारसायकलींजवळ एक सर थांबले होते. आपल्यातलेच. हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, तुम्ही बोलू शकता. तुमची नोकरी इथं नाही.” मला राग आला. नंतर वाटलं, महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खालच्या जातींतून शिक्षक तयार करा अशी मागणी केली होती. आज ते शिक्षक आहेत, आरक्षणामुळे आहेत. पण परिषदेत तोंड उघडलं तर ‘जातीवादी’ म्हणतील, ही भीती घेऊन बसले आहेत. एकट्याने बोलणं त्यांना महाग पडतं.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेले. या वेळी जातीचं नाव काढलं नाही. एवढंच म्हटलं, “टक्केवारी नको. ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांची फक्त नावं फळ्यावर लिहूया का? आणि नावापुढे ते मूल शाळेत येताना कुठून येतं, तेवढंच.” निवृत्तीला आलेल्या एक बाई उठल्या. गावातल्या मोठ्या घराण्यातल्या, दरारा असलेल्या. त्यांनी हजेरीपट उघडला आणि स्वतःच्या वर्गातली नावं लिहायला सुरुवात केली. “माझी लिहिते. मला तीस वर्षं झाली, आता कुणाची भीती?” मग ते मोटारसायकलजवळचे सर उठले. मग बाकीचे.

फळा भरला. जवळजवळ सगळी नावं चार ठिकाणची निघाली : बौद्धवाडा, मातंग वस्ती, तांडा, पारध्यांची पालं. आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक नावांपुढे शिक्षकांनीच लिहिलं होतं, ‘ऊसतोडीला जातात’. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. केंद्रप्रमुख सर बराच वेळ फळ्याकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, “पुसू नका. फोटो घ्या याचा.”

त्यानंतर दीड वर्ष जे झालं ते साधं होतं. दोन-दोन शाळांच्या जोड्या लावल्या. महिन्यातल्या एका शनिवारी या शाळेचा शिक्षक त्या शाळेत जाऊन यादीतल्या मुलांचं वाचन घेई : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. आपल्या मुलांना आपण एक तर फार सैल तपासतो किंवा आधीच निकालात काढतो, म्हणून परक्याने तपासायचं. एका शाळेत तांड्यावरच्या एका मुलाच्या नावापुढे ‘मंद’ लिहिलेलं होतं. तपासायला आलेले सर स्वतः बंजारा. त्यांनी त्याला गोरमाटीतून विचारलं, तर त्याने बैल हरवल्याची अख्खी गोष्ट सांगितली. सरांनी ती मराठीत फळ्यावर लिहिली आणि त्याच गोष्टीवरून त्याला अक्षरं शिकवायची कशी, हे त्याच्या वर्गशिक्षकांना करून दाखवलं. ‘मंद’ हा शब्द यादीतून गेला. तो मुलगा वर्षाअखेर परिच्छेदापर्यंत पोचला. मातंग वस्तीतली एक मुलगी सतत गैरहजर म्हणून यादीत होती. ती धाकट्या भावाला सांभाळत घरी राहते, हे तिच्या बाईंना ठाऊक होतं. पण अंगणवाडीताईंशी बोलून तो भाऊ अंगणवाडीत बसवता येतो, हे शेजारच्या शाळेने आधी करून पाहिलं होतं. दिवाळीच्या आधी टोळ्या निघायच्या वेळी कोणतं मूल हंगामी वसतिगृहात राहणार आणि कोणतं आईबापाबरोबर जाणार, याची यादी सगळ्या केंद्राची मिळून एकच झाली. जाणाऱ्या मुलांच्या हातात शिक्षण हमी पत्रक दिलं गेलं. मुकादमाकडून कारखान्याचं गाव विचारून तिथल्या शाळेला फोनही केला.

सगळं जमलं का? नाही. यादी छोटी झाली, संपली नाही. पारध्यांच्या मुलांपर्यंत आम्ही नीट पोचलोच नाही. मग केंद्रप्रमुख सर निवृत्त झाले. राज्यात केंद्रप्रमुखांची कितीतरी पदं रिकामी असतात, तसं हेही रिकामं राहिलं. एका मुख्याध्यापकांकडे अतिरिक्त कार्यभार आला आणि परिषदेत पुन्हा तक्ते सरकू लागले.

फरशी रंगवली, पण

हा प्रयोग आम्ही शोधून काढलेला नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं नाव शिक्षकांत सगळ्यांना माहीत आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या चाळीसेक शाळांतल्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. तपासणीला येणारा अधिकारी शिकवायला बसला, शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहू लागले, प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे असं धरून चालले. २०१५ मध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम काढला, तेव्हा हजारो शिक्षक कुमठ्याला जाऊन आले. परत येऊन बहुतेकांनी काय केलं? वर्गाच्या फरशीवर रंगीत तक्ते काढले. रंग विकत मिळतो. चाळीस शाळांतल्या शिक्षकांचा एकमेकांवरचा विश्वास मात्र असा विकत मिळत नाही, तो तिथेच राहिला.

ज्या साताऱ्यात हे घडलं, त्याच साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. तो गोणपाटावर वेगळा बसत होता आणि शिपायाने नळ सोडला नाही तर तहानलेला राहत होता. शाळेचं दार उघडलं म्हणजे शाळा उघडली असं होत नाही, हे आपल्याला त्या गोणपाटापासून माहीत आहे. १९२३ च्या बोले ठरावाने पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या केल्या. पाणवठ्यासाठी तरी १९२७ ला महाडला जावंच लागलं.

आता दुसरा धोका दारात आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘शाळा संकुल’ सुचवलं होतं. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी एकमेकींना धरून राहावं, त्यांचं एकटेपण जावं, असा त्याचा अर्थ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही संकुलाची कल्पना आहे. पण आपल्याकडे तिचा अर्थ पटकन ‘छोटी शाळा बंद करा’ असा होतो. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. छोटी शाळा कुठे असते? तांड्यावर, पाड्यावर, वस्तीवर. ती बंद झाली की सहा वर्षांच्या मुलीने दुसऱ्या गावाच्या रस्त्याने चालत जायचं किंवा घरी बसायचं. शाळा जोडणं वेगळं आणि शाळा मोडणं वेगळं. आमच्या केंद्रात जोड्या लावल्या तेव्हा एकही शाळा बंद करावी लागली नव्हती.

आपण कुठे बसतो?

शेवटचा प्रश्न आपल्याच लोकांना, आणि तो मला स्वतःलाही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. कायद्यात आपली खुर्ची आहे. ती किती गावांत भरलेली आहे? बहुतेक ठिकाणी रजिस्टर घरी येतं आणि आपली आई अंगठा देते. आपण १४ एप्रिलला शाळेत पुतळ्याला हार घालायला जातो, ६ डिसेंबरला जातो. मधल्या महिन्यांत जातो का? ज्यांना जमलं त्यांनी आपली मुलं इंग्रजी शाळेत घातली. मलाही मुलगी झाली तेव्हा घरात पहिला प्रश्न तोच निघाला. मी ती निवड चूक म्हणत नाही. पण मागे उरलेल्या शाळेत आता फक्त ज्यांचं कुणी नाही त्यांची मुलं आहेत आणि तिथले शिक्षक तक्त्यांसमोर एकटे आहेत, हे आपण पाहायला हवं.

वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. लहानथोर सगळे करतात, म्हणून त्यात कुणाचा अपमान होत नाही. त्या बाईंनी हजेरीपट उघडून स्वतःच्या वर्गातली नावं लिहिली तेव्हा मला त्याची आठवण झाली होती. त्यांना हा शब्द माहीत नसेल. पण शिक्षण परिषद अशी भरली तर शाळा सुधारते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त तिथे दोन गोष्टी लागतात. टक्केवारीऐवजी मुलांची नावं लागतात आणि ती मुलं जिथून येतात तिथलं कुणीतरी माणूस खोलीत लागतं. शिक्षक आपसांत कितीही प्रामाणिक झाले, तरी ऐकणारं वस्तीचं कुणी नसेल तर यादी हळूहळू पुन्हा टक्केवारी होते. आमच्या केंद्रात तेच झालं. ती चूक माझीही होती. दीड वर्षात मी एकाही आईला त्या परिषदेत नेलं नाही. मीच त्यांच्या वतीने बोलत राहिले.

येत्या शनिवारी पुन्हा परिषद आहे. नवे कार्यभारी मुख्याध्यापक हो-नाही करत होते, शेवटी म्हणाले, “या, पण वाद नको.” मातंग वस्तीतल्या एक ताई आणि तांड्यावरच्या एक आजी माझ्याबरोबर येणार आहेत. दोघी समितीच्या सदस्य आहेत, त्यामुळे कुणाच्या परवानगीचा प्रश्नही नाही. आजींनी विचारलं, तिथं जाऊन बोलायचं काय? मी म्हटलं, तुमच्या नातवाला वाचता येतं का, एवढंच विचारा. चार वर्षांपूर्वीचा फळ्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. तो या वेळी मी पडद्यावर लावायला सांगणार आहे.

जय भीम.